ताप मेंदूत गेला, म्हणजे कुठे?

इतवारीत सराफा ओळीमागे आमचा जुना वाडा होता. शेजारच्या बिऱ्हाडातले चार वर्षांचे पोर सकाळी अंगणात खेळत होते. दुपारी तापाने फणफणले, रात्री आकडी आली आणि पहाटे गेले. "ताप मेंदूत गेला," एवढेच आजी म्हणाली. मेंदूत म्हणजे कुठे, आणि तेथे जाऊन तापाने केले काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला.

१९६५ साली आमच्याच नागपूर भागात, चांदीपुरा येथे, तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा केला व त्याला गावाचेच नाव दिले. भिंतींच्या भेगांत राहणारी इवलीशी वाळूमाशी तो पसरवते. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात अशाच तापाने ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. विषाणुतज्ज्ञ म्हणाले, हा चांदीपुऱ्याचा मेंदूज्वर. काही बालरोगतज्ज्ञ म्हणाले, हा दाह नव्हे, धमनी आखडून रक्त अडल्याने आलेला झटका. माझाच जुना प्रश्न!

मेंदूतले रक्त मोजण्याची विद्या तशी जुनी. १९४० नंतरच्या दशकात केटी आणि श्मिट या अमेरिकन संशोधकांनी माणसाला नायट्रस ऑक्साइड हुंगवून ते मोजले. पण आकडा मिळे तो सबंध मेंदूचा. पुढे टेक्नेशियम हाती आले. सहा तासांत निम्मे होणारे हे किरणोत्सर्गी द्रव्य औषधाला जोडून शिरेतून देतात. ते रक्ताबरोबर मेंदूत जाते व दोनएक मिनिटांत जेथल्या तेथे अडकून बसते. म्हणून तडफडणाऱ्या मुलाला आधी सुई टोचावी, ते शांत झाल्यावर चित्र घ्यावे, अशी सोय झाली. रक्त अडले असेल तेथे चित्र फिके पडते. नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरात कानशिलाकडचा भाग पुष्कळदा उजळ दिसतो.

तरीही हे चित्र जागा दाखवते, शत्रूचे नाव सांगत नाही. आकडीनेही मेंदूचा भाग उजळतो. नाव सांगते ते पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी आणि प्रयोगशाळा. हर्पिसचा संशय आला तर डॉक्टर त्याचीही वाट न पाहता औषध सुरू करतात, कारण तेथे तासांचा हिशेब असतो.

वाचकहो, दिवाळीच्या फराळावर ही गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी: तापात मुलाला आकडी आली, किंवा ते गुंगू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. आमच्या वाड्याने ती पाहिली होती.