एल्कची धनुर्मृगया

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतश्रेणीत एल्क या मोठ्या हरणाची धनुष्यबाणाने केली जाणारी शिकार. तेथील आदिवासी जमातींच्या दृष्टीने ती उपजीविकेचा भाग होती. विसाव्या शतकात तिला उंच पर्वतावर तळ ठोकून करावयाच्या, परवाना व हंगाम यांनी बांधलेल्या मृगयाक्रीडेचे रूप आले. ही दोन्ही रूपे एकाच भूप्रदेशात व एकाच प्राण्याभोवती घडली. मात्र एक रूप बेकायदा ठरत गेले आणि त्याच काळात दुसऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

एल्क हे नाव काहीसे फसवे आहे. यूरोपात या नावाने मूस हा निराळा प्राणी ओळखला जातो. अमेरिकेतील एल्कचे शास्त्रीय नाव सेर्व्हस कॅनडेन्सिस असून त्याला वापिती असेही म्हणतात. हा शब्द शॉनी व क्री या आदिवासी भाषांतून आला असून ‘पांढऱ्या पार्श्वभागाचा’ असा त्याचा अर्थ आहे. काश्मीरमधील दाचीगामच्या अरण्यात आढळणारा हंगूल हा भारतीय वाचकास परिचित असलेला त्याचा जवळचा आप्त होय. रॉकी पर्वतातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सु. ३०० ते ३५० किग्रॅ. असते, मादी त्याहून बरीच लहान असते. नराची शृंगे दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस गळून पडतात व उन्हाळ्यात पुन्हा वाढतात. हे प्राणी उन्हाळा वृक्षरेषेजवळच्या उंच कुरणांत काढतात व हिमवर्षाव सुरू झाला की कळपाकळपांनी दऱ्यांत उतरतात. सप्टेंबर हा त्यांचा मीलनकाल. या दिवसांत नर माद्यांचे कळप राखतो, चिखलाच्या डबक्यांत लोळतो आणि खालच्या पट्टीतून चढत जाऊन शिटीसारख्या तीव्र स्वरात संपणारी आरोळी देतो. एरवी अत्यंत सावध असणारा हा प्राणी या काळात प्रतिस्पर्ध्याच्या हाकेला धावून येतो. धनुर्धाऱ्याची सारी भिस्त याच गोष्टीवर असते.

रॉकी पर्वतातील शिकारीची परंपरा धनुष्याहून पुष्कळ जुनी आहे. यलोस्टोनजवळच्या पर्वतात वितळत्या बर्फाच्या पट्ट्यात २००७ मध्ये सु. दहा हजार वर्षांपूर्वीच्या भालाफेकीच्या अस्त्राचा एक लाकडी भाग सापडला. धनुष्य या प्रदेशात रूढ झाले ते इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात. त्यातील सर्वांत उल्लेखनीय प्रकार यलोस्टोन परिसरातील शोशोनी लोकांच्या तुकुडिका या शाखेचा होता. पर्वतीय मेंढ्यांवर उपजीविका करणारे म्हणून गोऱ्यांनी त्यांना ‘मेंढीखाऊ’ म्हटले. मेंढ्याचे वक्र शिंग उष्णतेने मऊ करून ते सरळ करीत. त्याचे तुकडे जोडून पाठीवर स्नायुतंतूंचे थर चिकटवीत. अशा रीतीने एक आखूड पण अतिशय जोरकस धनुष्य तयार होई. एल्कच्या शृंगांपासूनही धनुष्ये बनवीत. बाणाचे फाळ ज्वालाकाचेचे असत आणि ही काच यलोस्टोनमधील ऑब्सिडियन क्लिफ या कड्यावर विपुल मिळे. ऑस्बर्न रसेल या फासेपारध्याला १८३५ मध्ये लामार नदीच्या खोऱ्यात या लोकांची एक टोळी भेटली. त्याने आपल्या रोजनिशीत त्यांच्या शिंगांच्या धनुष्यांची व ज्वालाकाचेच्या बाणांची आवर्जून नोंद केली आहे. गोऱ्यांनी पुढे या जमातीचे जे दरिद्री, भेकड असे चित्र रंगविले, त्याला रसेलच्या नोंदीचा आधार मिळत नाही.

एल्कपासून मांस, कातडी, हत्यारांसाठी शृंगे व हाडे मिळत. याशिवाय त्याच्या वरच्या जबड्यातील दोन सुळ्यांना मोठे मोल होते. क्रो जमातीतील स्त्रियांच्या वस्त्रांवर असे शेकडो सुळे शिवलेले आढळतात. एका प्राण्यापासून दोनच सुळे मिळत असल्याने असे वस्त्र म्हणजे घरातील शिकाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या पराक्रमाची व त्या कुटुंबाच्या प्रतिष्ठेची खूण असे. बंदुका आल्यानंतरही धनुष्य लगेच मागे पडले नाही. तोंडातून ठासावयाच्या बंदुकीची एक गोळी भरेपर्यंत घोडेस्वार अनेक बाण सोडू शके. एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफली प्रचारात आल्यावर मात्र ही स्थिती पालटली.

यूरोपीय वसाहतींपूर्वी उत्तर अमेरिकेत एल्कची संख्या एक कोटीच्या घरात असावी, असा अंदाज निसर्गलेखक अर्नेस्ट टॉमसन सीटन याने केला होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ती एक लाखाहून कमी झाली. कातडी व मांस यांच्या व्यापारासाठी होणारी कत्तल, कुरणांचे शेतीत रूपांतर आणि पाळीव गुरांची स्पर्धा ही त्याची मुख्य कारणे. त्यांत एका चमत्कारिक कारणाची भर पडली. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ एल्क्स’ या बंधुसंघाचे सभासद घड्याळाच्या साखळीत एल्कचा सुळा मिरवीत. त्यामुळे केवळ दोन दातांसाठी प्राणी मारून बाकीचे धड कुजत टाकण्याचा धंदाच सुरू झाला. पूर्वेकडील एल्क एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नामशेष झाला. नैर्ऋत्येकडील मेरिअमचा एल्कही त्याच मार्गाने गेला.

या ऱ्हासाचा दोष कोणाच्या माथी मारण्यात आला, हे पाहण्यासारखे आहे. १८६८ च्या फोर्ट ब्रिजर तहाने शोशोनी व बॅनक जमातींना सरकारच्या मोकळ्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क दिला होता. वायोमिंगला १८९० मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. जॅक्सन होल या खोऱ्यातील वसाहतवाल्यांना तोपर्यंत पूर्वेकडील धनिक शिकाऱ्यांना वाट दाखविण्याच्या व्यवसायातून चांगले उत्पन्न मिळू लागले होते आणि आदिवासींची शिकार त्यांना खुपत होती. जुलै १८९५ मध्ये त्यांच्या एका सशस्त्र तुकडीने बॅनक कुटुंबांना पकडून नेले व पळण्याचा प्रयत्न करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. त्यात एक वृद्ध ठार झाला. पुढे रेस हॉर्स या बॅनक शिकाऱ्यावर सात एल्क मारल्याचा खटला भरण्यात आला. राज्य स्थापन होताच तहातील शिकारीचा हक्क संपुष्टात आला, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये दिला. व्यापारी कत्तलीला आळा घालण्यास कडक कायदे आवश्यक होते, यात शंका नाही. तथापि त्यांचा पहिला व कठोर फटका ज्यांनी शतकानुशतके त्या कळपांवर निर्वाह केला, त्यांनाच बसला.

शिकारीच्या खेळात धनुष्य परत आले, तेही एका आदिवासीच्याच हातून. अमेरिकन यादवी युद्धानंतर मॉरिस व विल टॉम्सन या बंधूंनी धनुष्याने शिकार करण्याचा छंद जोपासला होता. मॉरिस टॉम्सनच्या द विचरी ऑफ आर्चरी (१८७८) या पुस्तकाने हा छंद अनेकांना लावला, तरी काही वर्षांत तो ओसरला. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल या गावी एक उपाशी, एकाकी मनुष्य सापडला. गोऱ्यांच्या हल्ल्यांत जवळजवळ नष्ट झालेल्या याही लोकांपैकी तो अखेरचा होता. स्वतःचे नाव उच्चारणे त्याच्या रीतीत बसत नसल्याने मानवशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड क्रोबर याने त्याला इशी, म्हणजे याही भाषेत ‘माणूस’, असे नाव दिले. सॅन फ्रॅन्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला. तेथे त्याच्यावर उपचार करणारा शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप (१८७५–१९२६) त्याचा शिष्य बनला. धनुष्य घडविणे, दगडाचे फाळ पाडणे, वाऱ्याचा रोख ओळखणे, प्राण्याला आवाज देऊन जवळ बोलावणे ही विद्या इशीने त्याला शिकविली. १९१६ मध्ये इशी क्षयाने मरण पावला.

पोप व त्याचा सहकारी आर्थर यंग (१८८३–१९३५) यांनी पुढे मोठ्या प्राण्यांच्या शिकारी केल्या. १९२० मध्ये एका वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी यलोस्टोन येथे ग्रिझली अस्वले बाणांनी मारली. पोपच्या हंटिंग विथ द बो अँड ॲरो (१९२३) या ग्रंथाने आधुनिक धनुर्मृगयेचा पाया घातला. मात्र पोपने स्वतः वापरले ते यू लाकडाचे इंग्लिश पद्धतीचे लांब धनुष्य. इशीकडून त्याने घेतली ती शिकाऱ्याची दृष्टी. केवळ धनुर्धाऱ्यांसाठी राखलेला हरणांच्या शिकारीचा पहिला हंगाम विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये जाहीर केला. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉकी पर्वतातील राज्यांनीही हीच वाट धरली. तरीही एवढा मोठा प्राणी बाणाने निश्चित मरतो का, जखमी होऊन रानात मरणाऱ्यांचे काय, हा प्रश्न अधिकारी विचारीतच होते. त्याला उत्तर म्हणून ग्लेन सेंट चार्ल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ‘पोप अँड यंग क्लब’ स्थापन केला आणि शिकारीच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. जखमी प्राण्यांबाबतचा वाद अजून पूर्णपणे मिटलेला नाही.

दरम्यान एल्कची संख्या सावरत होती. जॅक्सन येथे १९१२ मध्ये राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान स्थापन झाले व यलोस्टोन-जॅक्सन परिसरातील प्राणी आगगाडीने अनेक राज्यांत नेऊन सोडण्यात आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कर वन्यजीवांच्या पुनर्वसनाकडे वळविला. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्या कराच्या कक्षेत आले. १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंदी घालणाऱ्या भारतातील वाचकास हे विपरीत वाटेल. पण अमेरिकेतील वन्यजीवरक्षणाचा मोठा खर्च शिकाऱ्यांच्या पैशातून भागतो. आज तेथे सु. दहा लाख एल्क असून सर्वाधिक कोलोरॅडो राज्यात आहेत.

प्रत्यक्ष शिकारीचे स्वरूप तळावरील जीवनावरून चांगले कळते. १९६४ च्या कायद्याने संरक्षित केलेल्या अरण्यप्रदेशांत मोटारवाहनांस बंदी आहे. तेथे घोडे व खेचरे यांवर सामान लादून किंवा सारे ओझे पाठीवर घेऊन जावे लागते. जुन्या पद्धतीच्या तळावर जाड कापडाची उभ्या भिंतींची राहुटी व तिच्यात लाकूड जाळण्याची पत्र्याची शेगडी असते. पायी जाणारे शिकारी हलका तंबू घेऊन कळपामागे जागा बदलीत राहतात. कोलोरॅडोत असे तळ पुष्कळदा ३,००० मी. हून अधिक उंचीवर असतात. सखल प्रदेशातून थेट येणाऱ्यास विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश यांचा त्रास होतो. तो वाढल्यास खाली उतरणे हाच खरा उपाय. दुपारी विजांची वादळे होतात व सप्टेंबरातही हिमवर्षाव होऊ शकतो. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन तापल्यावर ती वर चढू लागते. त्यामुळे सकाळी कळपाच्या खालून निघालेल्या शिकाऱ्याचा वास नऊ-दहाच्या सुमारास एकाएकी वर पोहोचतो आणि कळप उधळतो. कितीही कुशल शिकारी या वाऱ्यापुढे हतबल होतो.

बाण साधारणतः २० ते ४० मी. अंतरावरून सोडला जातो. रायफलीची गोळी याच्या कित्येक पट अंतरावरून मारा करते. धारदार फाळ रक्तस्रावाने मृत्यू घडवून आणतो. म्हणून बाण लागल्यावर निदान अर्धा तास थांबून मगच रक्ताचा माग काढण्याची शिस्त पाळली जाते. खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात. मोठ्या नराचे हाडांविना मांस सु. १०० किग्रॅ. भरते. सप्टेंबरच्या उबेत ते लवकर नासत असल्याने कातडे तात्काळ सोलून, तुकडे कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगावे लागतात व अनेक फेऱ्यांनी खाली आणावे लागतात. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा गुन्हा आहे. वायोमिंग व माँटॅना राज्यांत ग्रिझलीचे भय निराळेच. रंग लपवून, आवाज न करता, मादी एल्कची साद घालीत फिरणारा माणूस अस्वलाला सावजासारखाच भासतो.

धनुर्धाऱ्यांना ऐन मीलनकालातील हंगाम मिळाला, कारण त्यांचे शस्त्र दुबळे होते व त्यांच्या हातून थोडेच प्राणी मरत. हॉलिस विल्बर ॲलन याच्या संयुक्त धनुष्याच्या पेटंटने (१९६९) हे गृहीतक डळमळीत केले. या धनुष्याच्या टोकांना विकेंद्री कप्प्या असतात. प्रत्यंचा पूर्ण ताणल्यावर हातावरील भार मूळ ताणाच्या निम्म्याहूनही कमी होतो व नेम धरून थांबणे शक्य होते. ज्या कौशल्यास पूर्वी वर्षे लागत, ते आता काही महिन्यांत साधते. परिणामी सप्टेंबरमध्ये पर्वतांत गर्दी वाढली, कळप खाजगी जमिनींकडे सरकू लागले व राज्यांना परवाने आवळावे लागले. कोलोरॅडोत परराज्यातील धनुर्धाऱ्यांस बहुतेक क्षेत्रांत मागेल त्याला परवाना मिळे. २०२५ पासून त्यांच्यासाठी सोडत लागू झाली. यलोस्टोनमध्ये १९९५-९६ साली लांडगे पुन्हा आणले गेले. तेथील उत्तरेकडच्या कळपाची संख्या १९९४ मधील सु. १९,००० वरून २०१३ पर्यंत ४,००० च्या आसपास आली. त्यास लांडग्यांबरोबरच अस्वले, अवर्षण व माणसांची शिकारही कारणीभूत होती. कोलोरॅडोत प्रथम आढळलेला क्षयकारी प्रथिनजन्य मेंदुविकार १९८१ मध्ये रानटी एल्कमध्येही दिसून आला आणि त्यावर उपचार नाही.

रेस हॉर्स खटल्यातील निर्णय शतकाहून अधिक काळ आदिवासींच्या आड येत राहिला. २०१४ च्या हिवाळ्यात क्रो जमातीच्या काही जणांनी माँटॅनातील आपल्या राखीव प्रदेशातून एल्कचा माग काढीत वायोमिंगमधील बिगहॉर्न राष्ट्रीय अरण्यात प्रवेश केला व रायफलींनी तीन एल्क मारले. त्यावरून उद्‌भवलेल्या हेरेरा विरुद्ध वायोमिंग या खटल्यात २० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी १८९६ चा दृष्टिकोन नाकारला. राज्याच्या स्थापनेने तहातील हक्क नष्ट होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्या अरण्याचा तो विशिष्ट भाग तहाच्या अर्थाने मोकळा मानावा की नाही आणि वन्यजीवरक्षणासाठी राज्य या हक्कावर किती मर्यादा घालू शकते, हे प्रश्न न्यायालयाने वायोमिंगच्या न्यायालयांकडे परत पाठविले.