गाळा क्र. २ : चावीच्या घड्याळांची हकिकत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, तुम्ही काहीतरी इतिहासाचं लिहा" असं चिटणीसांनी सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, बाबा रे, मी घड्याळजी. इतिहास लिहिणारे पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावर राहतात, दोघंही निवृत्त प्राध्यापक. तर ते म्हणाले, "सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. तुमच्या दुकानाला त्याच्या दुपटीहून जास्त. मग इतिहास कुणाकडे मागायचा?" हे काही खोडून काढता येईना. म्हणून हा खटाटोप. भाषेच्या चुका सांभाळून घ्याव्यात.

दुकान आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९५४ साली सुरू केलं. तेव्हा या जागेवर वाडा होता आणि वाड्याच्या रस्त्याकडच्या ओसरीला फळ्या ठोकून केलेलं सहा फूट रुंदीचं दुकान. अण्णा काम शिकले मुंबईला, एका घड्याळाच्या पेढीत. ते सांगायचे, मुंबईत तेव्हा दोन वेळा चालायच्या. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एकच भारतीय प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईने आपला 'मुंबई टाइम' सोडला नाही. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि १९५५ पर्यंत टिकून होता. त्यामुळे दुरुस्तीचं घड्याळ परत देताना गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, "कुठला टाइम लावू?" आज हे कुणाला खरं वाटत नाही.

त्याच्याही आधी आपल्याकडे घटका-पळांचा हिशेब होता. दिवसाच्या साठ घटका, घटका चोवीस मिनिटांची, घटकेची साठ पळं. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्र ठेवायची पद्धत त्यातलीच. गंमत बघा, पाण्याच्या घड्याळात वेळ नुसती वाहते. चावीच्या घड्याळाने तिला अडवायला आणि सोडायला शिकवलं. गुंडाळलेल्या स्प्रिंगला एकदम सुटायचं असतं. पुढचा एक लहानसा अडसर तिला एकेक दात पुढे सरकू देतो, आणि तो किती वेळाने उघडायचा हे बॅलन्स चाक ठरवतं. त्या चाकाला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ही कल्पना १६७५ मध्ये हॉलंडच्या हायगेन्सने प्रत्यक्षात आणली. लंबकाचं घड्याळही त्याचंच, १६५६ चं. जुन्या चावीच्या घड्याळांपैकी बरीच तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे झाले ४ लाख ३२ हजार. एवढं करून घड्याळ दिवसाला वीस सेकंद पुढेमागे गेलं तर लोक तक्रार घेऊन येतात. मी त्यांना म्हणतो, दिवसात ८६,४०० सेकंद असतात. चार हजारांत एकाची चूक तर माझ्याही हिशेबाच्या वहीत निघते!

अण्णांच्या सुरुवातीच्या काळात घड्याळ म्हणजे स्विस. फेवर-लुबा, वेस्ट एंड, रोमर ही नावं जुन्या सभासदांना आठवतील. नव्या घड्याळांची विक्री थोडी. पोट चालायचं ते दुरुस्तीवर. घड्याळ घ्यायचं, वहीत नाव-पत्ता आणि नंबर लिहायचा, त्याच नंबरची चिठ्ठी घड्याळाला दोऱ्याने बांधायची आणि दुसरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. हा नंबर पुढे येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

आता १२ जुलै १९६१. पुण्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही, पण आपल्या इमारतीतल्या मुलांसाठी लिहितो. त्या दिवशी सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आपली नारायण पेठ नदीला लागून. मी नऊ वर्षांचा होतो. लोक पळापळ करत होते, आई मला आणि धाकट्या बहिणीला घेऊन वरच्या माडीवर गेली. अण्णा खाली दुकानात. आई वरून ओरडत होती, "अहो, माल आणा!" काचेच्या कपाटात चौदा-पंधरा नवी घड्याळं होती, बहुतेक उधारीवर आणलेली. अण्णा वर आले ते दुरुस्तीची पेटी डोक्यावर घेऊन. तिच्यात गिऱ्हाइकांची साठेक घड्याळं. पुन्हा खाली जायला निघाले, तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या होत्या.

आमचा स्वतःचा माल गेला. वही गेली. मागची मातीची भिंत कोसळली. आईने नंतर कितीतरी वर्षं हा विषय काढला की जेवणात मीठ जास्त पडायचं. तिच्या पाटल्या गहाण टाकून अण्णांनी उधारी फेडली, आणि त्या पाटल्या काही परत आल्या नाहीत. "लोकांची घड्याळं वाचवलीत, घरच्या बाईचं सोनं बुडवलंत," असं ती म्हणायची. अण्णा एवढंच म्हणायचे, "आपला माल आपला असतो. तो जायचा तर जातो. दुसऱ्याचा माल जाता कामा नये." लहानपणी मला अण्णांचं बरोबर वाटायचं. संसार केल्यावर आईचंही पटायला लागलं.

पूर ओसरल्यावर महिनाभर लोक चिखलाने भरलेली घड्याळं घेऊन येत होते. कुणाचं घर गेलेलं, पण वडिलांचं घड्याळ सापडलेलं. पितळी पट्ट्या टिकतात, धुऊन लख्ख होतात. पोलादाचं मात्र खरं नाही. चावीची दांडी आणि केसासारखी ती स्प्रिंग एकदा गंजली की संपलं. अण्णा दिवसभर पेट्रोलमध्ये मशीन धुवायचे आणि मी बारीक ब्रशने चाकं घासायचो. माझी शिकवणी तीच. दुकानाला कामाची अशी बरकत त्यानंतर कधी आली नाही, आणि अण्णांना ती कधी बरकत वाटली नाही.

पेटीतल्या घड्याळांचे मालक एकेक करून चिठ्ठी दाखवून घेऊन गेले. वही नव्हती, म्हणून दोन्ही चिठ्ठ्यांवरचे नंबर जुळले की घड्याळ द्यायचं. शेवटी एक राहिलं. नंबर ११७.

त्याच वर्षी तिकडे बंगलोरला एचएमटीचा घड्याळाचा कारखाना उभा राहिला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. मशीन टूल बनवणाऱ्या सरकारी कंपनीने घड्याळं करावीत, याला आमच्या धंद्यातले लोक आधी हसले. दहा वर्षांत हसणं थांबलं. जनता, पायलट, सोना, कांचन! दहावी-बारावी पास झालं की जनता, लग्न ठरलं की जावयाला कांचन. कांचनसाठी तर लोक ओळखी काढत दुकानात यायचे. जनतामध्ये सतरा ज्युवेल. लोकांना वाटायचं आत सतरा हिरे आहेत आणि दुरुस्तीला दिलं की घड्याळजी ते काढून घेतो! इथे छापील खुलासा करतो : ते कृत्रिम माणकाचे मणी असतात. १९०२ मध्ये एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाने कृत्रिम माणूक करायची रीत जाहीर केली, तेव्हापासून ते स्वस्त झाले. चाकांचे आस त्या गुळगुळीत मण्यांत फिरतात म्हणून झिजत नाहीत. विकायला गेलात तर सतरा मण्यांत एक कटिंग चहाही येणार नाही.

मी १९७४ ला दुकानात कायमचा बसलो. तोवर दूर जपानात आमच्या धंद्याचा निकाल लागून गेला होता, आम्हाला पत्ता नव्हता. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन, एका लहान मोटारीएवढी. पुढे ते इतकं स्वस्त झालं की स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमाराला नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती, ती पंधरा वर्षांत तीस हजारांच्या घरात आली. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आमचे ठोके पाच. स्पर्धाच नव्हती.

आपल्याकडे खरा दणका बसला तो १९८७ पासून, टायटनची घड्याळं आली तेव्हा. होसूरचा कारखाना, सुंदर तबकड्या, काचेची चकचकीत दुकानं. त्यात वाईट काहीच नव्हतं; माल चांगला होता. पण आमच्या ओसरीतल्या दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाइकं यायला लागली. मी अण्णांना म्हटलं, सेल बदलायचं काम तरी घेऊ. ते म्हणाले, "ते घड्याळाचं काम नव्हे, टॉर्चचं काम आहे." आमचं बोलणं दोन महिने बंद होतं. एका दुकानात, सहा फुटांत, बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत ही काय अवस्था असते ते ज्याचं त्याला माहीत. शेवटी ते गावाला गेलेले असताना मी 'सेल बदलून मिळतील' अशी पाटी लावली. परत आल्यावर त्यांनी पाटी पाहिली, काही बोलले नाहीत. आठवड्याने म्हणाले, "अक्षर तरी चांगल्या पेंटरकडून काढून घे." त्या पाटीने पुढची वीस वर्षं दुकान चालवलं, मुलांची शिक्षणं केली. हे आज चावीच्या घड्याळांचं कौतुक करताना मी विसरता कामा नये.

मग वाडा पाडायचं ठरलं. ते दिवस आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहेत. भाडेकरूंच्या बैठका, भांडणं, करारनामे. खाली दुकानं नकोतच, असंही काहींचं मत होतं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. १९९८ ला सोसायटीची नोंदणी झाली आणि मला गाळा क्र. २ मिळाला. अण्णा १९९६ मध्येच गेले. नवी जागा त्यांनी फक्त नकाशावर पाहिली, आणि "उजेड उत्तरेचा येतोय ना?" एवढंच विचारलं. घड्याळजीला सावली न पाडणारा उजेड लागतो. येतो, उत्तरेचाच येतो. सोसायटीच्या ऑफिसातलं लंबकाचं घड्याळ वाड्याच्या दिवाणखान्यातलं आहे. दर रविवारी सकाळी चावी मी देतो, हे पुष्कळांना माहीत नसेल.

गेल्या दहा-बारा वर्षांत चक्र उलटं फिरलंय. एचएमटीची घड्याळं बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये सरकारने घेतला, आणि ज्या मुलांनी कधी चावी दिली नव्हती ती जनता आणि पायलट शोधत यायला लागली. मोबाइलमध्ये वेळ असताना यांना हे कशाला हवं? एकाला विचारलं. तो म्हणाला, "काका, हे बंद पडलं तर उघडून बघता येतं." उत्तर मला आवडलं. आज दुकानात सेलचं काम एका बाजूला. मुख्य काम जुनी चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं तपासून, दुरुस्त करून देणं-विकणं. अडचणी आहेत. बऱ्याच मोठ्या कंपन्या सुटे भाग बाहेरच्या कारागिराला देत नाहीत, मग एका मेलेल्या घड्याळाचे अवयव दुसऱ्याला लावायचे. नवीन रोग म्हणजे चुंबकाचा : मोबाइलच्या कव्हरला चुंबक असतो, त्याने स्प्रिंगची वेटोळी चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळतं. दोन मिनिटांत निघतो तो दोष, घाबरू नका.

आणि एक कबुली. या नव्या बाजारात जुन्या तबकड्या नव्याने रंगवून, छापून घड्याळं विकली जातात. दिसायला झकास, पण मूळची नव्हेत. रंगवणं हा गुन्हा नाही; न सांगणं हा आहे. सात वर्षांपूर्वी मी असं एक जुनं स्विस घड्याळ एका तरुणाला विकलं आणि तबकडीबद्दल बोललो नाही. त्याने विचारलं नव्हतं, ही माझी पळवाट. महिन्याने तो परत आला. भांडला नाही, नुसतं घड्याळ काउंटरवर ठेवून म्हणाला, "तुमच्याकडून घेतलं म्हणून मी तपासलं नव्हतं." मी पैसे परत केले. त्या दिवसापासून प्रत्येक घड्याळाच्या बिलावर काय मूळचं, काय बदललेलं, हे ओळीने लिहितो. धंदा थोडा कमी होतो. झोप लागते.

आता कामाचं. माझ्या खणात न नेलेली एकूण एकेचाळीस घड्याळं आहेत. त्यातली नऊ आपल्याच इमारतीतली, नावं इथे छापत नाही. कृपया घेऊन जावीत. राहिलेल्या मजुरीचं नंतर बघू. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो, त्याला या कामात रस नाही आणि माझी त्यावर तक्रार नाही. पण माझा हात अजून दोन-चार वर्षंच स्थिर राहील. आपल्यापैकी कुणाच्या मुला-मुलीला शिकायचं असेल तर संध्याकाळी पाच ते सात दुकानात यावं. फी नाही. भिंग मी देईन.

आणि नंबर ११७. गोल, स्टीलची केस, पांढरी तबकडी जराशी पिवळी पडलेली. पट्टा कधीच कुजला. दर चार-पाच वर्षांनी उघडून तेल देतो, महिन्यातून एकदा चावी देतो. चालतं. बाकी ओळखीच्या खुणा मुद्दाम सांगत नाही. पेठेतल्या कुणाच्या घरी, जुन्या कागदपत्रांत, आजोबांच्या पाकिटात दोऱ्याचं भोक असलेली चिठ्ठी सापडली आणि तिच्यावर हा नंबर असला, तर गाळा क्र. २ मध्ये यावं. दुरुस्ती १९६१ मध्येच झालेली आहे.

सोसायटीला पंचवीस वर्षांच्या शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवालाही ऑफिसातलं घड्याळ चालू असावं, एवढीच इच्छा. चावी रविवारी द्यायची, उजवीकडे, आठ वेढे. नववा देऊ नये.

— गाळा क्र. २