रहस्यकथेंतील विश्वासघातकी

पंचतंत्रांतील दमनक कोल्हा हा लबाडीचा जुना आचार्य. पिंगलक सिंह व संजीवक बैल यांचें सख्य त्यानेंच जुळविलें आणि त्यानेंच मोडलें. परंतु त्याच्या कपटाची वाचकाला पहिल्यापासून पूर्ण कल्पना असते. फसतात ते सिंह आणि बैल. वाचक बाहेर बसून गंमत पाहतो. युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी छोटी रहस्यकथा भरभराटीस आली, तिनें ही व्यवस्था हळूहळू उलटून टाकली. कथेंतील लबाड आतां वाचकालाच फसवूं लागला. आणि नवल असें, कीं फसलेला वाचक रागावण्याऐवजीं पुढची कथा अधिकच आवडीनें मागूं लागला. ही आवड कशी उत्पन्न झाली, याचा इतिहास मनोरंजक आहे व बोधप्रदहि आहे.

इंग्लंडांत १८७० सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि पुढील वीस वर्षांत वाचकवर्ग पुष्कळ वाढला. आगगाडीनें रोज कामावर जाणाऱ्यांना एका बैठकींत संपेल असें वाचन हवें होतें. जॉर्ज न्यून्स यांनीं जानेवारी १८९१ मध्यें ‘स्ट्रँड’ मासिक काढलें, आणि त्याच वर्षींच्या जुलैच्या अंकापासून कॉनन डॉइल यांच्या शेरलॉक होम्सच्या छोट्या कथा त्यांत येऊं लागल्या. नायक तोच, पण प्रत्येक अंकांत गोष्ट पुरी, ही पद्धत लोकांस फार रुचली. होम्स विक्षिप्त असला तरी त्याच्या सचोटीविषयीं शंका नव्हती. आणि कथा सांगणारा वॉटसन तर डोळे मिटून विश्वास टाकावा असा सरळ गृहस्थ होता. हा विश्वास वाचकाच्या मनांत रुजला, आणि मग त्याचा लाभ घेणारे लेखक पुढें आले.

आर्थर मॉरिसन यांनीं १८९७ मध्यें ‘विंडसर’ मासिकांत होरेस डॉरिंग्टन नांवाचा खासगी गुप्तहेर उभा केला. पहिल्याच कथेंत ऑस्ट्रेलियांतून आलेला एक तरुण त्याच्यावर विसंबून आपल्या मिळकतीचे कागद त्याच्या हवालीं करतो. आणि रक्षणकर्ता म्हणून लाभलेला हा गृहस्थ त्यालाच गुंगीचें औषध देऊन पाण्याच्या टाकींत बुडवूं पाहतो. डॉरिंग्टनचें खरें शस्त्र औषध नव्हे. तो आधीं भय दाखवितो, मग धीर देतो. धीर देणाऱ्याचा हात माणूस सोडीत नाहीं, हें त्याला पक्कें ठाऊक असतें.

पुढच्याच वर्षीं डॉइल यांच्या बहिणीचे पति ई. डब्ल्यू. हॉर्नंग यांनीं ‘कॅसेल्स’ मासिकांत रॅफल्सची पहिली कथा लिहिली. रॅफल्स नामांकित क्रिकेटपटु, उच्च समाजांत वावरणारा, आणि गुप्तपणें चोर. कर्जानें गांजलेला त्याचा शाळासोबती बनी रात्रीं मदतीची याचना करीत येतो. ओळखीच्या ठिकाणीं पैसे मिळतील अशा समजुतींत तो रॅफल्सबरोबर बाहेर पडतो, आणि एका जवाहिऱ्याच्या दुकानांतील चोरीचा भागीदार होऊन बसतो. या कथांतील लेखनकौशल्य डॉइल यांना मान्य होतें. परंतु गुन्हेगाराला नायक करणें धोक्याचें आहे, असें त्यांनीं १९२४ सालच्या आत्मचरित्रांत स्पष्टपणें नमूद केलें. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

फ्रान्समध्यें मॉरिस लब्लां यांनीं याच्या पुढचें पाऊल टाकलें. १९०५ च्या जुलैंत ‘ज से तू’ या मासिकांत आर्सेन ल्युपिनची पहिली कथा आली. अमेरिकेस निघालेल्या बोटीवर बिनतारी संदेश येतो, कीं प्रसिद्ध चोर ल्युपिन उतारूंमध्यें आहे. जो तो दुसऱ्याकडे संशयानें पाहूं लागतो. वाचक कथा सांगणाऱ्या सभ्य प्रवाशाबरोबर चोराचा माग काढीत राहतो, आणि बंदरावर उतरतांना कळतें, कीं चोर तोच. ‘मी’ म्हणून बोलणारा मनुष्य खरें बोलतो, अशी वाचकाची संवय. घाव पडला तो नेमका तिच्यावर.

अशीच युक्ति ॲगाथा ख्रिस्ती यांनीं १९२६ मध्यें रॉजर ॲक्रॉइडच्या खुनावरील कादंबरींत योजिली, तेव्हां हें न्यायाचें कीं अन्यायाचें, असा वाद माजला. १९२९ मध्यें रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकानें रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. हातीं आलेला दुवा वाचकापासून लपवूं नये, हा त्यांतील एक. १९३० मध्यें स्थापन झालेल्या लंडनच्या डिटेक्शन क्लबांत तर सभासदांना शपथ घ्यावी लागे. या सर्वांचें तात्पर्य एकच : पात्रांनीं हवें तेवढें खोटें बोलावें, लेखकानें बोलूं नये.

ख्रिस्ती यांच्या दोन छोट्या कथा या दृष्टीनें शेजारीं ठेवण्यासारख्या आहेत. १९२४ च्या ‘फिलोमेल कॉटेज’मध्यें एका नवविवाहितेला आपला पति खुनी असल्याचें कळून चुकतें. ती एकाकी स्त्री शस्त्र उचलीत नाहीं. स्वत:च्या पूर्वायुष्याची बनावट हकीकत सांगून ती जीव वांचविते. १९२५ च्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’मध्यें खुनाचा आरोपी इतका निष्कपट भासतो, कीं त्याचा वकील व वाचक दोघेहि फसतात. मूळ कथा सत्य उघड होतांच संपते. अपराधी मोकळाच राहतो. १९५३ मध्यें तिचें नाटक रंगभूमीवर आलें, तेव्हां मात्र ख्रिस्ती यांनीं शेवट बदलून त्याला शासन घडविलें. डॉइल यांच्या आक्षेपाची येथें आठवण होते.

मग या कथांचें आकर्षण लबाडीचें आहे काय? तसें दिसत नाहीं. वाचकाला बसावयास जी जागा मिळते ती रॅफल्सची नसून बनीची असते. आणि हे सर्व ठक माणसाच्या मूर्खपणापेक्षां त्याच्या चांगुलपणावर जगतात : उपकाराची जाणीव, मित्रप्रेम, सभ्य वाणीविषयींचा आदर, निष्पाप मुद्रेविषयींची दया. हे गुण टाकून देतां येत नाहींत. त्यांना डोळस मात्र करतां येतें. छोटी कथा हें काम एका बैठकींत करते, कारण फसल्यावर पानें मागें उलटून आपली चूक कोठें झाली तें तिच्यांत पाहतां येतें. संजीवकाला मारल्यावर पिंगलकानें शोक केला. पण उलटून पाहण्यास त्याच्याजवळ पानें नव्हतीं.