झोपड्यांचा दवाखाना

आजचा भाग गडचिरोलीचा आहे. पण जंगल, नक्षलवाद हे नेहमीचं आज नाही. आज बोलायचंय एका दवाखान्याच्या बांधकामाबद्दल.

गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. 1986 मध्ये डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. दोघंही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेले, आणि पहिलं ऑफिस कुठे, तर तेंदूपत्त्याच्या गोदामात! सुरुवातीला ते शहरातल्या सरकारी रुग्णालयातही पेशंट बघायचे. पण ज्यांच्यासाठी एवढ्या लांब आले, ते गोंड आदिवासी तिथे फारसे फिरकायचेच नाहीत. लोक घरीच आजार अंगावर काढायचे, आणि काही घरीच मरायचे.

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर असतं: अडाणी आहेत, पुजाऱ्याकडे जातात. बंगांनी ते उत्तर घेतलं नाही. गावकऱ्यांनाच विचारलं, दवाखान्यात का येत नाही?

उत्तर आलं की भीती वाटते. एवढ्या मोठ्या इमारतीत हरवायला होतं. तिथे आपली भाषा कुणी बोलत नाही. डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यात असतात, आणि आम्ही पांढऱ्या कापडात गुंडाळतो ते प्रेताला. मग असे कपडे घातलेली माणसं जीव कशी वाचवणार? शिवाय पेशंटला आत ठेवतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात.

थांबून विचार करा. पांढरा रंग म्हणजे स्वच्छता, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्यात कुणाला कफन दिसेल हे डोक्यातच येत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे कोड लिहिण्याआधी युजरला विचारायचं असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात किती जण विचारतात, ते जाऊ दे.

पुढचा प्रश्न होता, मग तुम्हाला दवाखाना कसा हवा? लोक म्हणाले, आमच्या गावासारखा. झोपड्या असाव्यात, पेशंटसोबत घरच्यांना राहता यावं. आणि नाव देवीचं, दंतेश्वरीचं. बस्तरमधल्या दंतेवाड्याची ही देवी इकडच्या आदिवासींचीही. नव्वदच्या दशकात चातगावजवळ, सर्चच्या शोधग्राम परिसरात, 'माँ दंतेश्वरी दवाखाना' तसाच उभा राहिला.

आता दुसरी बाजूही बघू. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं 1859 साली हॉस्पिटलच्या बांधणीवर अख्खं पुस्तक लिहिलं. तिला हवे होते लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खिडक्या, भरपूर हवा, आणि एका नर्सला सगळ्या खाटा एका नजरेत दिसतील अशी रचना. झोपड्यांमध्ये नेमकी तीच सोय जाते. नर्सला या झोपडीतून त्या झोपडीत चालावं लागतं. पण रात्री तीन वाजता पेशंट कण्हला तर आई किंवा बायको शेजारी असते. माझ्या मते बऱ्याच आजारांत हा सौदा परवडतो. ऑपरेशन नुकतंच झालेल्या पेशंटसाठी मात्र मी वॉर्डच मागेन.

अमेरिकेत रॉजर उलरिकनं 1984 साली एक अभ्यास छापला होता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले 46 पेशंट. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. वेदनाशामक तीव्र औषधंही झाडंवाल्यांना कमी लागली. जागेचा शरीरावर परिणाम होतो, हे यातून दिसलं. पण तो अभ्यास जुन्या नोंदींवरून केलेला. तुम्हाला काय हवंय असं पेशंटना त्यात विचारलेलं नव्हतं. गडचिरोलीत विचारलं, तर झाडांच्या आधी माणसं निघाली.

शहरात तरी वेगळं काय आहे? आमच्या घरातलं माणूस एका मोठ्या हॉस्पिटलात होतं, तेव्हा मी चार रात्री जिन्याखाली झोपलो, चपला उशाला. इमारत काचेची, चकाचक. नातेवाइकांसाठी आठ खुर्च्या. हा नकाशा काढताना कुणीतरी नक्कीच ठरवलं असणार की सोबत आलेला माणूस म्हणजे गर्दी.

शोधग्राममध्ये विचारणं बांधकामापाशी थांबलं नाही. दंतेश्वरीच्या जत्रेला गावोगावचे लोक जमतात तेव्हा आरोग्य संसद भरते, आणि आधी कोणत्या आजाराला हात घालायचा हे तिथे लोक सांगतात. त्यांनी जे सांगितलं, त्यात मलेरिया अगदी वर होता.