छोटा कारखाना आणि कामगार कायदा : सल्ला नेमका कधी हवा?

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याला कामगार कायद्याची मदत साधारणपणे दोघांकडून मिळते. दर महिन्याला पीएफ आणि ईएसआयचे चलन भरणारा लेबर कन्सल्टंट हा पहिला, आणि नोटीस आली की ज्याच्याकडे धाव घ्यायची तो वकील हा दुसरा. या दोघांच्या मधे जे घडते ते सगळे मालक एकट्याने ठरवतो. फार तर अकाउंटंटला विचारतो. माणूस कोणत्या अटीवर घ्यायचा, पगाराची फोड कशी करायची, ठेकेदार लावायचा का, एखाद्याला काढायचे तर कसे, हे ते निर्णय. माझे म्हणणे असे, की पुढे उभ्या राहणाऱ्या बहुतेक दाव्यांचे मूळ याच निर्णयांत असते. म्हणून मदतही तिथेच पोचली पाहिजे.

पहिला निर्णय माणसांच्या संख्येचा. दहा माणसे झाली की ईएसआय, ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागू होते. वीस झाली की पीएफ आणि बोनस येतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा चार संहितांनी घेतली, तरी हे टप्पे कायम आहेत. वीस कामगारांच्या टप्प्यावर तक्रार निवारण समितीही लागते. मालकांना हे आकडे तोंडपाठ असतात. म्हणूनच कित्येक जण एकोणिसावर थांबतात, किंवा दुसरी फर्म पत्नीच्या नावावर काढतात. पण मोजणी कशी होते हे त्यांना कोणी सांगत नाही. चौदा माणसे आपल्या पगारपत्रकावर आणि सहा ठेकेदाराची, तर पीएफसाठी संख्या वीसच धरली जाते. दोन फर्मचा पैसा, व्यवस्थापन आणि माणसे एकमेकांत मिसळलेली असतील, तर दोन्ही मिळून एकच आस्थापना ठरू शकते. शिवाय एकदा लागू झालेला पीएफ माणसे कमी झाली म्हणून सुटत नाही.

आता ही चूक केवढ्याला पडते ते पाहू. वीस कामगार, प्रत्येकाचे पीएफपात्र वेतन 15,000 रुपये, आणि तीन वर्षे नोंदणीच नाही. दोन्ही हिस्से मिळून 24 टक्के, म्हणजे माणशी 3,600 आणि महिन्याला 72,000 रुपये. तीन वर्षांचे 25,92,000 झाले. यावर 12 टक्के व्याज, नुकसानभरपाईचा आकार आणि प्रशासकीय शुल्क वेगळे. कामगाराचा हिस्सा मागाहून त्याच्या पगारातून कापता येत नाही, त्यामुळे तोही मालकाच्याच खिशातून जातो. सामाजिक सुरक्षा संहितेने चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मुदत घातली, एवढाच काय तो दिलासा. कामगाराचे नुकसान तर याहून खोल आहे. नोकरीत असताना तो दगावला, तर पीएफशी जोडलेल्या विम्यातून त्याच्या घरच्यांना 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. नोंदणीच नसेल तर ऐन दुःखात त्याच्या पत्नीला पीएफ कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागतात. विसावा माणूस घेण्याआधी पंधरा मिनिटे कोणाशी बोलायला मिळाले असते, तर यातले बरेचसे टळले असते.

दुसरा निर्णय पगाराच्या फोडीचा. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा बोजा कमी राहावा म्हणून मूळ पगार लहान ठेवून भत्ते फुगवण्याची रीत जुनी आहे. सरसकट सगळ्यांना दिले जाणारे भत्ते पीएफसाठी मूळ वेतनातच मोजायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये सांगितले होते. नव्या संहितांनी तर गणितच बांधून दिले : वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनात धरायचा. सुपरवायझरला 40,000 मिळतात, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000, बाकी 26,000 भत्ते, असे समजा. भत्त्यांतले 6,000 परत वेतनात येतात आणि वेतन 20,000 ठरते. आठ वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी 64,615 रुपयांवरून 92,308 वर जाते. पीएफच्या बाबतीत 15,000 ची मर्यादा असल्यामुळे फरक किरकोळ राहतो. खरा फरक माणूस नोकरी सोडून जाताना कळतो. मुदतीच्या करारावर घेतलेल्यालाही आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी द्यायची आहे, म्हणजे तीही वाट बंद झाली. चलन भरणारा कन्सल्टंट समोर आलेल्या आकड्यावर टक्केवारी काढतो. तो आकडा बरोबर आहे का, हे पाहण्याचे पैसे त्याला कोणी दिलेले नसतात, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरा निर्णय सर्वांत अवघड : माणूस जाण्याचा. इथे एक नेहमीचा नमुना घेऊ. दिवाळीला गावी गेलेला वेल्डर परत येत नाही. महिनाभर वाट पाहून मालक हजेरी मस्टरवरून त्याचे नाव काढतो आणि दुसरा माणूस घेतो. मार्चमध्ये समेट अधिकाऱ्याची नोटीस येते : ‘मला तोंडी कामावरून कमी केले.’ मालक मनापासून सांगतो की हा स्वतःच गेला. ते खरेही असेल, पण कागद एकही नाही. नोकरी सोडणे हा हेतूचा प्रश्न आहे आणि नुसत्या गैरहजेरीवरून हेतू सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्येच सांगून ठेवले आहे. गावच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने दोन-तीन पत्रे, ‘कामावर हजर व्हा’ एवढ्याच मजकुराची, आणि उत्तर नाही आले तर गैरहजेरीचे आरोपपत्र आणि चौकशी, इतकेच करायचे होते. बेकायदा काढलेल्या माणसाला मागील पगारासह परत घेणे हाच सर्वसाधारण नियम, असे दीपाली गुंडू सुरवसे यांच्या 2013 च्या निकालात न्यायालयाने म्हटले. मधल्या काळात आपल्याला दुसरे काम नव्हते एवढे कामगाराने सांगितले, की ते खोटे पाडण्याचा भार मालकावर येतो.

काम कमी झाले म्हणून कमी करायचे असेल तर वाट वेगळी आहे. बारा महिन्यांत 240 दिवस भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. ही भरपाई त्याच वेळी दिली नाही, तर कपातच अवैध ठरते. ‘हिशेब पुढच्या महिन्यात घेऊन जा’ हे वाक्य म्हणूनच महागात पडते. वेतन संहितेनुसार तर थकलेले वेतन दोन कामाच्या दिवसांतच चुकते करायचे आहे.

मग ही मधली मदत कोणी द्यायची? ब्रिटनमध्ये ॲकास ही सरकारी पैशावर चालणारी स्वतंत्र संस्था 1970 च्या दशकापासून आहे. तिची हेल्पलाइन मालक आणि कामगार दोघांनाही मोफत आहे. शिस्तभंगाची कारवाई कशी करावी याची तिने घालून दिलेली पद्धत विनाकारण डावलली, तर न्यायाधिकरण भरपाई 25 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. कामगाराने डावलली तर तेवढीच घटवूही शकते. 2014 पासून बहुतेक दाव्यांआधी ॲकासकडे जावेच लागते. छोट्या मालकाला यातून दोन गोष्टी मिळतात : वाचून कळेल अशी एक पद्धत, आणि निर्णयाआधी विचारायला एक माणूस.

आपल्याकडे संहितांनी निरीक्षकावर मालक-कामगारांना सल्ला देण्याचे काम सोपवले आहे. हे पाऊल चांगले आहे. पण जो अधिकारी उद्या कारवाई करू शकतो, त्याच्यासमोर आजची चूक उघड करायला मालक कचरणारच. म्हणून हे काम उद्योजकांच्या संघटनांनी उचलावे असे मला वाटते. पुण्याचे मराठा चेंबर 1934 पासून आहे, आणि मोठ्या एमआयडीसींमध्ये कारखानदारांच्या संघटना आहेत. चाळीस-पन्नास कारखान्यांनी मिळून एक कामगार कायद्याचा जाणकार ठेवावा. त्याचे मानधन वार्षिक वर्गणीतून द्यावे, फॉर्मच्या संख्येवर नव्हे. नाहीतर तोही चलने भरणाराच होऊन बसेल. कायदा चुकवण्याच्या युक्त्या सांगणे हे त्याचे काम नाही, ही अट लेखी असावी. सुरुवात त्याने तीन कागदांच्या नमुन्यांनी करावी : नियुक्तीपत्र, गैरहजेरीचे पत्र आणि शेवटच्या हिशेबाचा तक्ता. हे तिन्ही मराठीत हवेत आणि हिंदीतही, कारण वेल्डिंगच्या शेडमध्ये आज बिहार आणि उत्तर प्रदेशातली पोरे उभी आहेत, आणि सही त्यांना करायची आहे.