काचघरातले ऋतू

१८५० साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांवर झाडे गोळा करत होते. लार्नाक गावाजवळच्या ओकवृक्षांवर त्यांना निळा वांडा हे ऑर्किड भरभरून फुललेले दिसले. लंडनच्या क्यू उद्यानासाठी त्यांनी सात हमालांचे ओझे होईल इतकी रोपे उतरवली. त्यातली मोजकीच जिवंत पोहोचली. एका गृहस्थाने जागा पाहून घ्यायला आपला माळी हूकर यांच्यासोबत धाडला होता. त्या गृहस्थाने पाठवलेले एका हमालाचे ओझे इंग्लंडात उतरले तेव्हा रोपांची दशा वाईट होती, तरी त्यांचे ३०० पौंड आले.

एवढे पैसे मोजूनही झाड जगेल याची खात्री नसे, कारण त्याला सांभाळायची रीतच चुकलेली होती.

ऑर्किड उष्ण प्रदेशातून येतात, म्हणजे त्यांना बारा महिने उकाडा आणि वाफ हवी, अशी इंग्लंडातल्या बागायतदारांची ठाम समजूत होती. जॉन लिंडली यांच्यासारख्या जाणकारानेही १८३० मध्ये भरपूर उष्णता, दाट सावली आणि कमालीचा ओलावा, असाच सल्ला दिला होता. मग भट्टीवर तापवलेली काचघरे आली, सतत पाण्याचा मारा आला, आणि गार वारा शिरू नये म्हणून खिडक्या घट्ट मिटल्या गेल्या. वांडासारख्या ऑर्किडची मुळे सालीवर उघडी पसरतात. त्यांच्यावरचे पांढरट आवरण पावसाचे पाणी झटकन शोषून घेते आणि नंतर वाऱ्यावर वाळते. कोंदट वाफेत ते वाळणेच थांबले आणि मुळे कुजू लागली.

हूकर यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिमालयन जर्नल्स’मध्ये या समजुतीवर नेमके बोट ठेवले. निळा वांडा तीन ते चार हजार फूट उंचीवरच्या गवताळ टेकड्यांवर, विरळ पानांच्या खुरट्या झाडांवर वाढतो. ऊन, पाऊस, वारा सगळे अंगावर घेतो. फुलांच्या हंगामात तिथे साधारण १५ ते २७ अंश सेल्सियस तापमान असते, दिवसा हवा आणि साल कोरडी असते. पावसाळ्यात ओलावा प्रचंड असतो, पण हवा साचत नाही. हिवाळ्यात तर जमिनीवर हिमकण धरतात. हिवाळ्याची थंडी, उन्हाळ्याचा ताप, शरदातला कोरडेपणा आणि सतत खेळता वारा, नेमक्या याच गोष्टींपासून इंग्लंडात ऑर्किडना जपले जाते, असे त्यांनी लिहिले. ऑर्किडच्या निगेबद्दल यापेक्षा मोलाचा परिच्छेद त्या शतकात क्वचितच लिहिला गेला असेल.

काही माळ्यांना हे आधीच उमगू लागले होते. इंग्लंडातल्या चॅट्सवर्थच्या बागेचे जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला याच खासी टेकड्यांवर पाठवले होते. तो १८३७ मध्ये ऑर्किडचा मोठा साठा घेऊन परतला. पॅक्स्टन यांनी काचघरात हवा खेळती ठेवली आणि तापमानही बेताचे राखले. १८५२ मध्ये बेंजामिन विल्यम्स यांची ऑर्किड लावणाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आली, तर १८७४ मध्ये फ्रेडरिक बर्बिज यांनी खास थंड हवेतल्या ऑर्किडवर पुस्तक लिहिले. भट्टीचा खर्च न परवडणाऱ्यालाही आता ऑर्किड लावता येणार होते.

या हौसेची किंमत जंगलांनी चुकवली. खासी टेकड्यांवरचे रस्ते गोळा करणाऱ्यांनी टाकलेल्या कुजक्या फांद्यांनी आणि ऑर्किडनी भरून गेल्याचे हूकर यांनीच पत्रात कळवले. कलकत्त्याच्या उद्यानाच्या माणसांनी एका खेपेला हजार टोपल्या खाली धाडल्या होत्या. कोलंबियात ऑर्किड शोधणाऱ्या अल्बर्ट मिलिकन यांनी १८९१ च्या पुस्तकात दहा हजार रोपांसाठी सुमारे चार हजार झाडे तोडल्याची नोंद केली आहे. वाचतानाही जीव कळवळतो.

बियांपासून रोपे करता आली असती तर हे टळते. पण ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक, त्यात साठवलेले अन्न जवळपास नाहीच. रुजताना त्याला एका बुरशीची साथ लागते, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ओळखले. पुढे कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगार या जेलीवर बी रुजवून दाखवले आणि १९२२ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून असंख्य रोपे करण्याची वाट दाखवली. आज रोपवाटिकेतले फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड सामान्य घराच्या खिडकीत आले ते या प्रयोगशाळांमुळे.

हूकर यांचा धडा मात्र महाराष्ट्रातल्या गॅलरीतही तसाच लागू पडतो. सह्याद्रीतले डेंड्रोबियम बार्बाट्युलम हे ऑर्किड पावसाळ्यात वाढते, नंतर पाने टाकते आणि कोरड्या दिवसांत निष्पर्ण कांडीवर पांढरी फुले धरते. पाने गळणाऱ्या अशा डेंड्रोबियमना हिवाळ्यात रोज पाणी घालणे म्हणजे त्यांची विश्रांती मोडणे. फॅलेनॉप्सिसला पाणी वर्षभर लागते, पण त्याचा फुलदांडा निघायला काही आठवडे गारवा हवा असतो. दोघांनाही मातीऐवजी साल, कोळसा किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे द्यावेत आणि पावसाळ्यात हवा कोंडू देऊ नये. घाटात मे-जूनच्या सुमारास झाडावर लोंबणारी सीतेची वेणी, म्हणजे रानातले ऑर्किड, दिसली, तर ती तिथेच राहू द्या. घरासाठी रोप घ्यायचे ते रोपवाटिकेतूनच घ्या.