घाटाच्या पायथ्याचे गाव: रोहिणखेड

थ्रेड. बुलढाणा जिल्ह्यात कोणी नवीन माणूस भेटला की लवकरच प्रश्न येतो, "घाटावरचे की घाटाखालचे?" मेहकर तालुक्यातील आमचे जानेफळ घाटावर; मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. आजचा थ्रेड या दोहोंच्या सांध्यावर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका लहानशा गावाविषयी आहे: मोताळा तालुक्यातील रोहिणखेड.

आधी भूगोल, कारण त्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. अजिंठ्याची डोंगररांग आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करते. उत्तरेला पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे, म्हणजे जुन्या कागदपत्रांतील पाईनघाट. दक्षिणेला बेसाल्ट खडकाचे पठार, म्हणजे बालाघाट. पावसाचे पाणीसुद्धा येथे वाटून घेतले जाते. नळगंगा उत्तरेला उतरून पूर्णा आणि तापीमार्गे अरबी समुद्र गाठते. पैनगंगा मेहकरवरून आग्नेयेला वळते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते.

एकटा वाटसरू डोंगर कोठूनही चढू शकतो. हत्ती, तोफा आणि धान्याचे बैल घेऊन निघालेल्या सैन्याला मात्र ठराविक घाटवाटाच उरतात. बऱ्हाणपूर-असीरगडकडून दख्खनेत येणाऱ्याला किंवा अहमदनगर-बीदरकडून वऱ्हाडात उतरणाऱ्याला अशीच एक वाट रोहिणखेडजवळ आणून सोडत असे. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याला सँ-झाँ-पिए-द-पोर नावाचे छोटे गाव आहे. त्या नावातच 'खिंडीच्या पायथ्याचे' असा अर्थ दडलेला आहे. रोहिणखेडला तसे नाव मिळाले नाही, नशीब मात्र तसेच मिळाले.

पहिला प्रसंग १४३७ चा. खानदेशचा सुलतान नसीर खान याची कन्या बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह याला दिलेली होती. सुलतानाने संगमेश्वरच्या राजकन्येला झुकते माप दिल्याने ती दुखावली आणि तिने वडिलांकडे गाऱ्हाणे मांडले. नसीर खान वऱ्हाडात घुसला. बहमनींचा सुभेदार नरनाळ्यात अडकून पडला. घरातील मानापमान हे एक कारण खरे. पण वऱ्हाडच्या सुपीक खोऱ्याचा मोह काही कमी नसावा, असे मला वाटते. बहमनी सेनापती मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी याने रोहिणखेडला त्याचा पराभव केला, बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून ते शहर लुटले आणि लळिंगला त्याला पुन्हा हरवले. त्याच वर्षी नसीर खान वारला.

दुसरा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आणि माझ्या मते अधिक करुण आहे. १५७४ मध्ये इमादशाही बुडाली आणि वऱ्हाड निजामशाहीत आले. येथील एक अमीर होता खुदावंद खान महदवी. जौनपूरच्या सय्यद मुहंमद यांना (१४४३–१५०५) महदी, म्हणजे अंतिम मार्गदर्शक, मानणाऱ्या पंथाचा तो अनुयायी. त्याने १५८१ मध्ये साखरखेर्ड्याला आणि १५८२ मध्ये रोहिणखेडला मशीद बांधली. रोहिणखेडची मशीद आकाराने लहान; पण वऱ्हाडच्या वास्तुकलेविषयी बोलताना ती टाळता येत नाही.

पुढे १५८९ मध्ये अहमदनगरात जमाल खान या महदवी सरदाराने सत्ता हाती घेतली आणि इस्माईल या कोवळ्या मुलाला गादीवर बसवले. इस्माईलचे वडील बुऱ्हाण जिवंत होते! भावाविरुद्धचे बंड फसल्याने ते अकबराच्या आश्रयाला गेलेले. मुलगा तख्तावर आणि बाप परागंदा, अशी ही विलक्षण स्थिती. अकबराने फौज देऊ केली. बुऱ्हाणने ती नाकारली. मोगल सैन्य दिसताच दख्खनी सरदार आपल्यापासून दूर जातील, हे तो जाणून होता. त्याने खानदेशच्या राजा अली खानाची मदत घेतली. दक्षिणेकडून विजापूरची आदिलशाही त्याच्या बाजूने उतरली.

जमाल खान अशा रीतीने दोन्हीकडून घेरला गेला. त्याने आधी धाराशिवजवळ विजापूरकरांचा पराभव केला. (या लढाईत जखमी होऊन कैद झालेल्यांत एक तरुण होता. तो पुढे निसटला आणि त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. त्याचे नाव फरिश्ता. आपण ज्याला निर्विकार साधन म्हणून वाचतो, त्या लेखकाला जमाल खानाच्या सैन्याने प्रत्यक्ष घायाळ केले होते, हे त्याची पाने उलटताना ध्यानात ठेवावे.) मग तो तसाच उत्तरेकडे धावला. तोवर वऱ्हाडचे अमीर बुऱ्हाणला मिळाले होते.

१५९१ चा उन्हाळा. बालाघाट-पाईनघाटच्या सांध्यावर या दिवसांत ओढे कोरडे पडतात, हे घाटाखालच्या कोणालाही विचारा. थकलेले, तहानलेले सैन्य रोहिणखेडला भिडले. जमाल खान गोळी लागून पडला आणि फौज फुटली. इस्माईल बापाच्या हाती लागला व कैदेत गेला. बुऱ्हाण निजामशाह म्हणून त्याने १५९५ पर्यंत राज्य केले आणि महदवींचे राज्यातील वर्चस्व मोडून काढले. एका महदवीने मशीद उभारल्यावर जेमतेम नऊ वर्षांनी, तिच्याच परिसरात त्या पंथाची दख्खनेतील राजसत्ता संपली.

बुऱ्हाणच्या मृत्यूनंतर वारसाचे भांडण पेटले, मोगल चालून आले, चांदबिबीने अहमदनगर लढवले आणि १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. राजा अली खान पुढच्याच वर्षी मोगलांच्या बाजूने दख्खनींशी लढताना मारला गेला.

खुदावंद खानाच्या दुसऱ्या मशिदीच्या गावाचेही नशीब असेच. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाला ठार करून हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया घातला आणि गावाला 'फत्तेखेर्डा' हे विजयाचे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात भुसावळ-नागपूर लोहमार्ग घाट टाळून खालच्या सपाटीवरून, मलकापूर-शेगाववरून गेला. रोहिणखेडची वाट मागे पडली. साखरखेर्ड्याचे लोक आजही गावाला साखरखेर्डाच म्हणतात.